चाळीस पानांचा रिपोर्ट आणि दुकानातली वही

पत्र थोडक्यात, ओळख न देता: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक आई लिहितात. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, गणित आणि बायो दोन्ही होतं, 78 टक्के पडले. नीट जमली नाही, सीईटीला पीसीएममध्ये 84 पर्सेंटाइल आहे. पुढे काय यावर घरात एकमत होईना म्हणून शहरातल्या एका सेंटरमध्ये 6,500 रुपये भरून करिअर टेस्ट करून घेतली. अडीच तास कॉम्प्युटरवर टेस्ट, मग 40 पानांचा रंगीत रिपोर्ट आणि वीस मिनिटं बोलणं. रिपोर्ट म्हणतो मुलगी 'सोशल' आहे, तिनं सायकॉलॉजी, शिक्षण किंवा एचआर घ्यावं, इंजिनिअरिंग नको. वडलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, त्यांना वाटतं कॉम्प्युटर इंजिनिअर व्हावं. मुलगी म्हणते मला बीएस्सी करायचंय, स्टॅटिस्टिक्स मेजर घेऊन. रिपोर्टमध्ये स्टॅटिस्टिक्सचं नावच नाही, उलट आकड्यांच्या क्षमतेत 58 दाखवलेत. दीर म्हणतात बोटांच्या ठशांवरून करतात ती टेस्ट करा, ती खोटं बोलत नाही. "एवढे पैसे घालून केलेली टेस्ट बाजूला ठेवायची का? पोरीचं ऐकलं आणि उद्या चुकलं तर? अजून एक टेस्ट करून बघू का?" असं आई विचारतात. सोबत रिपोर्टमधल्या आकड्यांच्या पानाचा फोटो पाठवलाय.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, रिपोर्टचं पान तर चार-पाचदा बघितलं. आधी ते 58 घेते, कारण तुम्ही त्याच्याखाली पेनानं दोन रेघा ओढल्यात म्हणजे झोप त्यानंच उडवली असणार. ते मार्क नाहीयेत. आपल्या घरात 58 म्हटलं की काठावर पास असंच डोक्यात येतं, पण हे सीईटीसारखं पर्सेंटाइल आहे, ज्या मुलांशी तिची तुलना केली त्यातल्या शंभरातल्या 58 जणांपेक्षा तिचं बरं आलं एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे मध्याच्या थोडं वरच. आणि कुठल्याही टेस्टचा आकडा असा एका टोकदार बिंदूवर नसतो, तीच टेस्ट पुढच्या आठवड्यात दिली तर थोडा खाली येईल नाहीतर थोडा वर जाईल, तो एक पट्टा असतो. चांगल्या रिपोर्टमध्ये तो पट्टा दाखवलेला असतो, तुमच्यात दिसत नाही.

आता प्रश्न असा की तुलना कुणाशी? पानाच्या तळाला बारीक अक्षरात 'अर्बन इंग्लिश मीडियम' असं लिहिलंय, तुमच्या लक्षात आलं नसेल. तुमची मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, टेस्ट इंग्रजीत, घड्याळ लावून, आणि मधे तिनं दोन-तीन शब्दांचे अर्थ विचारले तर टेस्ट घेणाऱ्या बाईंनी सांगितले नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. आकड्यांची गणितं असली तरी ती वाक्यात दिलेली असतात ना, आधी वाक्य कळायला वेळ जातो मग गणिताला उरतो तो. त्यामुळे त्या 58 मध्ये गणित किती आणि इंग्रजी किती हे मला सांगता येणार नाही, सेंटरलाही येणार नाही. पोरीला गणित झेपेल का याचा जास्त भरवशाचा पुरावा तुमच्याकडे आहेच, दोन वर्षांचे गणिताचे पेपर आणि सीईटी. एका दुपारच्या टेस्टनं तो पुसून टाकू नका.

आता 'सोशल'. हा शब्द कुठून आला ते सांगते, कारण बहुतेक करिअर टेस्ट याच साच्यातल्या असतात. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये मांडणी केली की माणसांच्या आवडी आणि कामाच्या जागा या दोन्हीचे ढोबळ सहा प्रकार करता येतात. हातानं आणि यंत्रांशी काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांना शिकवणारे-सांभाळणारे, पुढाकार घेऊन विकणारे-चालवणारे, आणि हिशोब, नोंदी नीट ठेवणारे. मांडणी चांगली आहे, त्यावर खूप काम झालंय आणि मी स्वतः मुलांशी बोलताना ती वापरते. पण त्याच मांडणीत एक अट आहे जी रिपोर्ट छापणारे विसरतात. पहिला नंबर आणि बाकीचे यांच्यात ठळक अंतर असेल तरच त्या पहिल्या नंबराला अर्थ. तुमच्या पानावर बघा, 40 पैकी सोशल 31, शोधक 30, हिशोबी 29. ताई, हे अंतर आहे का? एका प्रश्नाचं उत्तर इकडचं तिकडे झालं असतं तर 'शोधक' पहिलं आलं असतं आणि त्याच मशीननं तुम्हाला रिसर्चच्या शिफारशी छापून दिल्या असत्या, मग तुम्ही मला वेगळंच पत्र लिहिलं असतं. आणि शोधक अधिक हिशोबी ही जोडी म्हणजे स्टॅटिस्टिक्सवाल्या माणसाचीच जोडी आहे. म्हणजे तुमचा रिपोर्ट लेकीच्या विरोधात बोलतच नाहीये, फक्त शिफारशींचं पान बनवताना पहिला नंबर उचलला आणि बाकी सोडून दिलं.

शिवाय 'तुम्हाला इतरांना मदत करायला आवडतं का' या प्रश्नाला आपल्याकडची कुठली मुलगी नाही म्हणेल? लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं. आणि 'मशीन उघडून दुरुस्त करायला आवडेल का' याला ती हो कशी म्हणेल, घरात मोटर बिघडली की हाक कुणाला मारता? तिच्या भावालाच मारत असाल तर तिचं यंत्रांचं 14 हे आवडीचं माप नाही, पाना कधी हातात दिलाच नाही याचं आहे. हे माझं म्हणणं म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत एडवर्ड स्ट्राँग यांची 1927 पासूनची आवडींची प्रसिद्ध टेस्ट आहे, तिचे पुरुषांचा फॉर्म वेगळा आणि बायकांचा वेगळा असे दोन फॉर्म असायचे, ते एक व्हायला 1974 उजाडलं. म्हणजे बाईला कोणतं काम आवडू शकतं हे टेस्ट बनवणाऱ्यांनीच आधी ठरवून ठेवलं होतं. आजच्या टेस्ट तशा नाहीत पण उत्तर देणारी पोरगी घरातूनच येते, घरात जे बघितलं तेच घेऊन कॉम्प्युटरपुढे बसते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आवडीची टेस्ट मुलानं आजवर काय काय पाहिलंय त्याच्यावरच चालते. जे पाहिलंच नाही त्याला तो 'आवडत नाही' वर टिक करतो कारण तिथे 'माहीत नाही' असा रकानाच नसतो. शहरातल्या मुलाला आर्किटेक्ट काका असतो, वकील मावशी असते, गावातल्या मुलीनं डॉक्टर, शिक्षक, तलाठी, पोलीस आणि बँकवाले बघितलेले असतात. मग रिपोर्टमधून शिक्षक निघालं की आपण म्हणतो बघा, कल कळला. कल नाही कळला, तिनं आजवर काय बघितलं ते कळलं.

तुम्ही लिहिलंय की 'स्वभावाचं वर्णन अगदी हुबेहूब आलंय, म्हणून विश्वास बसला'. ती दोन पानं परत काढून वाचा, 'तुम्ही बाहेरून शांत दिसता पण मनात बऱ्याचदा शंका असतात', 'तुमच्यात अजून न वापरलेली क्षमता आहे'. आता हे स्वतःला लावून बघा. मला लागू पडतं, तुम्हालाही पडेल. 1948 साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या 39 मुलांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'हा तुझा रिपोर्ट' म्हणून कागद दिला, किती बरोबर आहे ते पाचपैकी सांगा म्हणाले, सरासरी 4.26 आली. सगळ्यांना एकच कागद दिला होता. तेव्हा वर्णन हुबेहूब वाटणं हा टेस्ट चांगली असल्याचा पुरावा धरू नका.

बोटांच्या ठशांची टेस्ट करू नका. इथे मी दोन्ही बाजू सांगत बसणार नाही. ठसे आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि आयुष्यभर तेच राहतात हे खरं आहे, म्हणूनच त्यावरून माणूस ओळखता येतो. पण त्यावरून कोण इंजिनिअर होईल आणि कोण गायक हे कळतं याला शास्त्राचा काहीही आधार नाही. या टेस्टवाले हॉवर्ड गार्डनर यांचं नाव घेतात, ज्यांनी 1983 मध्ये बुद्धिमत्तेचे अनेक प्रकार असतात असं मांडलं, त्या गार्डनर यांनी स्वतः सांगितलंय की ठशांचा आणि माझ्या मांडणीचा काही संबंध नाही. दिरांना दुखवू नका, ते काळजीनंच म्हणतायत, पण ते पैसे लेकीच्या एसटीच्या तिकिटाला ठेवा, कशासाठी ते पुढे सांगते.

मग टेस्ट फुकट गेली का? नाही. हे सगळं जिथून सुरू झालं तिथलं सांगते. 1908 मध्ये बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी कामाच्या शोधातल्या तरुणांसाठी मार्गदर्शनाचं एक ऑफिस काढलं, या क्षेत्राची सुरुवात तिथपासून धरतात. त्यांचं म्हणणं साधं होतं, आधी स्वतःला ओळखा, मग कामांची खरी माहिती घ्या, आणि मग दोन्ही समोर ठेवून विचार करा. तुम्ही जे 6,500 भरले ते पहिल्या भागाचे, तोही अर्धाच. दुसरा भाग कुणी केलेलाच नाही. तुमच्या घरात इंजिनिअर रोज काय करतो हे कुणी बघितलंय? स्टॅटिस्टिक्सवाला काय करतो? सायकॉलॉजीचं शिक्षण किती वर्षांचं असतं हे त्या वीस मिनिटांत सांगितलं का? बीए किंवा बीएस्सी सायकॉलॉजी करून कुणी लगेच समुपदेशक होत नाही, पुढे एमए आणि त्याच्याही पुढे ट्रेनिंग असतं. हे त्या रंगीत पानावर नाहीये.

आता मला पत्रातल्या ज्या ओळीनं थांबवलं तिच्याकडे येते. तुम्ही सहज लिहून गेलात की "तशी हुशार आहे, दुकानातली उधारीची वही तीच बघते, आणि मागल्या वर्षी कोणत्या गावातून किती पोती सोयाबीन बियाणं उठलं, पाऊस कधी झाला, असलं काहीबाही वेगळ्या वहीत लिहीत बसते, कोणत्या गावाला सोयाबीनचं 335 वाण जास्त जाईल आणि कुठे फुले संगम वाण ते आधीच सांगते".

ताई, हे काहीबाही नाहीये, यालाच स्टॅटिस्टिक्स म्हणतात. कुणी न सांगता, मार्क मिळणार नसताना ती नोंदी ठेवते, त्यातून अंदाज काढते आणि मग अंदाज खरा ठरला का ते बघते. मी मुलांशी बोलताना नेमकं हेच शोधत असते, कुणी बघत नसताना हे पोर काय करतं, आणि बहुतेक वेळा ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही कारण तसा प्रश्नच नसतो. तुमच्या भागात पीकविम्याच्या वेळी पीक कापणी प्रयोग होतात, ठरावीक प्लॉट काढून तेवढ्याचं पीक कापून वजन करतात आणि त्यावरून अख्ख्या मंडळाचं उत्पन्न धरतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. कुठला प्लॉट घ्यायचा, किती घ्यायचे म्हणजे अंदाज बरोबर येईल हे शास्त्र आपल्या देशात उभं करणाऱ्यांमध्ये पां. वा. सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, 1911 चा जन्म, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. म्हणजे तुमच्या दुकानाच्या काउंटरपासून हा विषय काही लांब नाही. मिस्टरांना हे नक्की सांगा.

पण म्हणून डोळे झाकून हो म्हणा असंही मी म्हणणार नाही. वहीवरची आवड आणि तीन-चार वर्षांचा अभ्यास यात फरक आहे, त्यात प्रोबॅबिलिटी येते, बरंच कोरडं गणित येतं. तेव्हा तिला पंधरा दिवस चव घेऊ द्या. ज्या कॉलेजचा विचार आहे त्यांच्याकडून पहिल्या वर्षाचा सिलॅबस मागून घ्या, स्वयम् पोर्टलवर फुकट कोर्स असतात त्यातला सुरुवातीचा एखादा तिला बघू दे, उदाहरणं सोडवू दे. चौथ्या दिवशी कंटाळली तर ते आत्ता कळलेलं बरं. आणि एसटीचं तिकीट म्हटलं ते यासाठी, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सांख्यिकी कार्यालय असतं, शासनाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं. तिथे जाऊन एखाद्या अधिकाऱ्याला अर्धा तास मागा, दिवसभर काय काम असतं, कशाचा कंटाळा येतो, कुठलं शिक्षण कामाला आलं विचारा. तसंच एखाद्या कॉम्प्युटर इंजिनिअरला, नात्यात नाहीतर गावात कुणी पुण्याला असतंच, त्यालाही हेच विचारा. आणि वडलांना सोबत न्या. मुलीनं घरी येऊन सांगण्यात आणि वडलांनी स्वतः कानांनी ऐकण्यात खूप फरक पडतो.

मिस्टरांच्या बाजूनंही बोलायला पाहिजे, कारण त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. त्यांना दिसतंय की इंजिनिअर झाली की नोकरी लागते, आणि नुसत्या बीएस्सीवर बसून राहिलेली पोरं त्यांनी गावात पाहिलीयत. ती भीती खरी आहे. नुसतं बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून फार मोठी नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही, एमएस्सीपर्यंत जायची तयारी पाहिजे, सोबत कॉम्प्युटरवर डेटाचं काम शिकायला पाहिजे, म्हणजे पाच वर्षं धरून चला. त्यानंतर मात्र रस्ते आहेत, विमा, बँका, औषध कंपन्या, डेटाच्या नोकऱ्या, आणि यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे जिला पदवीला किंवा एमएस्सीला हा विषय असावा लागतो. इंजिनिअरिंगच्या बाजूनं आणखी एक मुद्दा, 2024 पासून राज्यात वर्षाला 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून ॲडमिशन झाली तर. तुम्ही त्यात बसत असाल तर इंजिनिअरिंग वाटतं तेवढं महाग पडणार नाही, कॉलेजचे बाकीचे खर्च आणि हॉस्टेल मात्र धरा. आणि आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स अशी ब्रँच बऱ्याच कॉलेजात निघालीय, त्यात स्टॅटिस्टिक्स बऱ्यापैकी असतं. बापलेकीचं तिथे जमू शकतं. फक्त नावावर जाऊ नका, शिकवणारे कोण आणि किती आहेत ते बघा, नवीन ब्रँचला बऱ्याच ठिकाणी शिक्षकांचीच ओढाताण असते.

'उद्या चुकलं तर' या तुमच्या प्रश्नामागे एक गोष्ट तुम्ही धरून चालल्यात, की आत्ताचा निर्णय म्हणजे दगडावरची रेघ. आता तसं राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीएस्सीची रचना बदललीय, बऱ्याच कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय असतात आणि त्यातला मेजर कोणता, मायनर कोणता हे दुसऱ्या वर्षी पक्कं करायचं. म्हणजे तिनं स्टॅटिस्टिक्स, गणित आणि कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स असे तीन घेतले तर एक वर्ष प्रत्यक्ष शिकून मग ठरवता येतं, टेस्टपेक्षा ती किती मोठी टेस्ट झाली बघा. दर कॉलेजात नियम सारखे नसतात म्हणून ॲडमिशनआधी ऑफिसात नाही, विभागप्रमुखांना भेटून विचारा, मेजर कधी ठरतो, बदलता येतो का, त्या विषयात जागा किती.

रिपोर्टचं काय करायचं ते सांगते, आणि हे अशाच रिपोर्टवर अडकलेल्या बाकी आईबापांनीही करून बघावं. एका संध्याकाळी टीव्ही बंद करून लेकीला रिपोर्ट आणि पेन्सिल द्या. प्रत्येक वाक्यापुढे तिनं तीनपैकी एक लिहायचं, पटलं, नाही पटलं, किंवा हे मी कधी पाहिलंच नाही. तुम्ही मधे बोलायचं नाही. 'पटलं' ला एक खरं उदाहरण मागा, घरातलं, शाळेतलं, दुकानातलं. 'नाही पटलं' ला का ते विचारा, भांडू नका. आणि 'पाहिलंच नाही' ची जी यादी होईल ती सगळ्यात कामाची, त्यातल्या चार गोष्टी महिन्याभरात जाऊन बघायच्या, त्या माणसांना भेटायचं.

ज्यांनी अजून टेस्ट केली नाही त्यांनी पैसे भरायच्या आधी विचारा की टेस्ट मराठीत देता येते का, तुलना कुठल्या मुलांशी करता, मूळ आकडे हातात देता का फक्त शिफारशी, आणि नंतर बोलायला किती वेळ देता आणि ते बोलणारा माणूस मानसशास्त्र शिकलेला आहे का. वीस मिनिटं म्हणाले तर दुसरीकडे जा. रिपोर्ट देणाऱ्यांचंच कॉलेज किंवा क्लास असेल आणि शिफारस नेमकी तिकडचीच येत असेल तर तिथून उठा. ज्यांच्या पोराला काहीच सुचत नाहीये, कशाबद्दलच ओढ दिसत नाहीये त्यांना चांगली टेस्ट खरंच उपयोगी पडते, बोलायला सुरुवात मिळते. तुमच्या लेकीला सुचलंय ताई, तिला दुसऱ्या टेस्टची गरज मला दिसत नाही.

आत्ता करायचं एवढंच की कॅपचा फॉर्म भरून ठेवा आणि बीएस्सीचाही, दोन्हीकडच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लावा, ठरवायच्या आधी तारीख निघून गेली असं नको. मग पंधरा दिवस ते कोर्सचं आणि भेटींचं. आणि एखाद्या दिवशी दुकान बंद झाल्यावर ती दुसरी वही मिस्टरांपुढे ठेवायला तिला सांगा, पानं तिलाच उलटू दे, आणि तुम्ही फक्त विचारा की मागच्या जूनमध्ये कोणत्या गावाला किती पोती जातील याचा अंदाज दोघांपैकी कुणाचा जवळ आला होता. काय निघालं ते मला कळवा.